कॉलर्पाने रातोरात बीज सोडलं तर काय करावं?

सकाळी प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत डोकावावं तर पाणी गढूळ हिरवं आणि रेफ्युजियममधला (मुख्य टाकीला जोडलेल्या, शेवाळ वाढवायच्या कप्प्यातला) कालचा हिरवागार कॉलर्पा काचेसारखा पारदर्शक झालेला! या शेवाळाचं अख्खं झुडूप म्हणजे आत भिंती नसलेली एकच पेशी. प्रजननाची वेळ आली की आतला जवळपास सगळा ऐवज युग्मकांत, म्हणजे प्रजनन पेशींत, बदलतो आणि पहाटेच्या सुमारास पाण्यात सुटतो. मागे उरतं ते नुसतं साल.

अशा वेळी प्रवाळांकडे बघून फसू नका. पाण्यात कण आणि अमिनो आम्लं उतरली, की मोठ्या पॉलिपची प्रवाळं स्पर्शिका ताणतात, तोंडं उघडतात. बघणाऱ्याला वाटतं, काय मजेत आहेत! भूक चाळवली आहे हे खरं, पण त्याच पाण्यातला ऑक्सिजन कमी होत चाललेला असतो. म्हणून त्या दिवशी वेगळं खाणं अजिबात घालू नका.

आधी हवा. एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडा आणि पंपाचं तोंड वर वळवून पृष्ठभाग चांगला खळबळू द्या. गढूळपणा अजून रेफ्युजियमपुरताच असेल, तर तिथून मुख्य टाकीकडे येणारं पाणी थोपवा. मग पारदर्शक झालेल्या फांद्या नळीने ओढून घ्या. हाताने उपटल्या तर चुरा होऊन सगळीकडे पसरतो. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) चालूच ठेवा, त्याचा कप मात्र वरचेवर रिकामा करावा लागेल. ताजा कार्बन (पाणी शुद्ध करणारा सक्रिय कोळसा) घाला. शेवटी तापमान आणि क्षारता जुळवून साधारण पाचवा हिस्सा पाणी बदला. रात्री दिवे मालवल्यावर ऑक्सिजन आणखी घटतो, तेव्हा एअरस्टोन निदान दुसऱ्या सकाळपर्यंत राहू द्या. शेवाळाने शोषलेलं बरंचसं खत आता परत पाण्यात आलंय. पुढचे काही दिवस अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट तपासत राहा.

पुढच्या वेळी आदल्या संध्याकाळीच पानं उजेडासमोर धरून बघा. टोकं फिकी पडून पानावर हिरवी जाळी उमटली असेल, तर ती फांदी तेव्हाच बाहेर काढा. रेफ्युजियमचा दिवा चोवीस तास ठेवला की हे टळतं, असं बरेच जण सांगतात. माझा भरवसा नियमित छाटणीवर जास्त. आणि एवढी कटकट नकोच असेल, तर कॉलर्पाऐवजी कीटोमॉर्फा हे दुसरं हिरवं शेवाळ लावा.