बार्बरा ॲलन मराठीत बांधताना

जुन्या इंग्लंडात बॅलड, म्हणजे गोष्ट सांगणारं गाणं, एका बाजूनं छापलेल्या कागदावर पेनी-अर्ध्या पेनीला विकलं जाई. त्यावर स्वरलिपी सहसा नसे. आपल्या लावण्यांच्या चोपड्यांत 'चाल : अमुक' असतं, तसं नुसतं चालीचं नाव. कोल्हापुरात शाहिरी ऐकत वाढलेल्यांना ही रीत लगेच कळते, पण चूकही इथंच होते. डफ घेऊन पोवाडा बांधायला बसतात. 'जी जी रं जी' सुरू झालं की वीररस चढतो आणि बार्बरा नि तिच्या प्रेमापायी मेलेला तरुण, या दोघांचं मरण बाजूला पडतं. जात्यावरच्या ओवीची संथ लय धरा. साथीला तुणतुणं पुरे.

सुरुवातीला 'बार्बरा ॲलन'च घ्या. लंडनच्या सॅम्युअल पेपिस या रोजनिशीकाराच्या २ जानेवारी १६६६ च्या रोजनिशीत हे गाणं ऐकल्याची नोंद आहे. मूळ कडव्यात चार आणि तीन आघातांच्या (जोर देऊन म्हणायच्या जागांच्या) ओळी आलटून पालटून येतात. यमक दुसऱ्या-चौथ्या ओळीला. मराठीत आघात चालत नाही, म्हणून अक्षरं मोजा, ८-६-८-६ :

हळूहळू ती चालली
उशापाशी आली
बघून एवढे म्हणे
'गड्या, वेळ झाली'

इथं 'निष्ठुर', 'व्याकुळ' असली विशेषणं घालायचा मोह होतो. घालू नका. ती असं का बोलली हे बॅलड सांगत नाही, आणि काळजाला घरं पडतात ती त्यामुळंच. 'हळूहळू'सारखे शब्द मात्र परत परत येऊ द्या. दहा कडवी पुरतात.

सगळ्यात अवघड जागा घंटेची. बार्बरा शेतातून जाताना त्या तरुणाच्या मरणाची घंटा ऐकते आणि प्रत्येक टोला तिलाच दोष देतो. आपल्या कानाला घंटा म्हणजे अंबाबाईचं देऊळ, आरती. नुसतं 'घंटा वाजली' म्हटलं तर ऐकणाऱ्याला प्रसन्न वाटेल. पहिल्याच ओळीत 'मयताची घंटा' म्हणा. चर्चचं देऊळ करू नका. दोघांना पुरायचं आहे.

शेवटी एका थडग्यातून गुलाब, दुसऱ्यातून काटेरी रानगुलाब उगवतो आणि वर जाऊन दोघांची गाठ पडते. त्या रानगुलाबाची बाभळ केलीत तर गाठच पडणार नाही. ती वेलीसारखी चढत नाही. हे फिरतं कडवं आहे, इतर बॅलडांतही सापडतं. जागा कमी पडली तर गाळलं तरी चालेल. घंटेचं गाळू नका.