अमेरिकेत घरात विटांचं फायरप्लेस करताय? भिंत बंद व्हायच्या आधी हे बघा

डिझाइनचे फोटो जमवायच्या आधी तुमच्या गावच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला विचारा की इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडची (घरं कशी बांधायची याच्या नियमांची) कोणती एडिशन तिकडे चालते, कारण ठिकठिकाणी त्यात बदल केलेले असतात आणि मी देतेय ते आकडे मूळ कोडच्या दहाव्या चॅप्टरमधले आहेत. परमिट हातात आल्यावरच खोदकाम. पाया किमान 12 इंच जाड, चारी बाजूंनी 6 इंच बाहेर आलेला, आणि थंडीत जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गॅप. लाकडी फ्रेमिंग, म्हणजे भिंतीचा लाकडी सांगाडा, फायरप्लेसच्या पुढून आणि बाजूंनी 2 इंच दूर हवं, मागून 4 इंच, आणि चिमणी घराच्या आतून वर जात असेल तर तिच्याभोवतीही 2 इंच. ही जागा मोकळीच ठेवायची, उरलेलं इन्सुलेशन तिथे कोंबू देऊ नका प्लीज, कारण वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड हळूहळू कमी तापमानालाही पेट घ्यायला लागतं आणि हे सगळं भिंतीच्या आत चालू असतं, बाहेरून काही कळत नाही. फक्त मजल्याच्या आणि सीलिंगच्या लेव्हलला फायरब्लॉकिंग, म्हणजे आग वर पसरू नये म्हणून घातलेला अडथळा, लागतं, तेही न जळणाऱ्या मटेरियलचं. म्हणून ड्रायवॉल (भिंत बंद करणारे जिप्समचे बोर्ड) लागायच्या आधी स्वतः टेप घेऊन मोजा आणि फोटो काढून ठेवा, इन्स्पेक्टर बघून गेला असला तरी.

पुढची न जळणारी फरशी: फायरप्लेसचं तोंड 6 चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर समोर 16 इंच आणि दोन्ही बाजूंना 8, नाहीतर 20 आणि 12. लाकडी मँटल (फायरप्लेसच्या भोवतीची-वरची सजावटीची चौकट किंवा फळी) तोंडापासून 6 इंचांच्या आत अजिबात नको.

चिमणी छतातून बाहेर पडते तिथून किमान 3 फूट वर, शिवाय 10 फुटांच्या आत घराचा जो काही भाग येतो त्यापेक्षा 2 फूट उंच, नाहीतर वाऱ्याने धूर उलटा घरात येतो. चिमणी 30 इंचांपेक्षा रुंद असून छताच्या उतारावर येत असेल तर तिच्या मागे पाणी वळवणारा छोटा उंचवटा पण लागतो, ड्रॉइंगमध्ये तो आहे ना बघा.

आणि जुनं घर विकत घेत असाल तर नुसता टॉर्च मारून बघणं पुरत नाही. एनएफपीए 211 (अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं चिमण्या-फायरप्लेससाठीचं स्टँडर्ड) प्रमाणे घराची मालकी बदलताना लेव्हल 2 इन्स्पेक्शन करायचं असतं, त्यात आतल्या नळीत कॅमेरा सोडून बघतात, ते क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीचा व्यवहार पक्का व्हायच्या, आधीच मागून घ्या.