एक्सपी-२ची निगेटिव्ह घरच्या डार्करूममध्ये प्रिंट करताना

इलफर्ड एक्सपी-२ सुपर ही फिल्म कृष्णधवल असली तरी ती धुतात रंगीत फिल्मच्या सी-४१ रसायनांत. ब्लीच-फिक्समध्ये चांदी पूर्ण निघून जाते आणि प्रतिमा उरते ती रंगद्रव्याची. नेहमीच्या कृष्णधवल निगेटिव्हचे अंदाज म्हणूनच इथे चुकतात.

आधी निगेटिव्ह उजेडात धरून बेस, म्हणजे फिल्मचा पारदर्शक आधार, बघा. एक्सपी-२चा बेस फारसा त्रास देत नाही. अशीच सी-४१मध्ये धुतली जाणारी कोडॅकची कृष्णधवल फिल्म बीडब्ल्यू-४००सीएन २०१४ साली बंद झाली, पण तिच्या जुन्या निगेटिव्ह अनेकांकडे आहेत. तिला नारिंगी मास्क, म्हणजे बेसवरच नारिंगी छटा, असतो आणि खरी भानगड तिथेच आहे. मल्टिग्रेड कागदाला (ज्याचा कॉन्ट्रास्ट फिल्टर बदलून कमी-जास्त करता येतो) जास्त कॉन्ट्रास्ट मिळतो निळ्या प्रकाशातून आणि मास्क नेमका तोच अडवतो. एक्स्पोजर दोन स्टॉप (म्हणजे चौपट) किंवा त्याहूनही वाढतं आणि प्रिंट राखाडी, मिळमिळीत येते. अशा निगेटिव्हला सरळ ४ नंबरच्या फिल्टरपासून (नंबर मोठा तितका कॉन्ट्रास्ट जास्त) सुरुवात करा. स्थिर ग्रेडचा कागद मिळाला तर उत्तमच, तिथे फक्त वेळ वाढतो.

एक्सपी-२साठी ३ नंबर पुरतो. भिंगांनी प्रकाश एकवटणाऱ्या कंडेन्सर एन्लार्जरवर चांदीची निगेटिव्ह प्रकाश विखुरते, त्यामुळे प्रिंट हार्ड, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टची, येते. रंगद्रव्य तसं विखुरत नाही. तेव्हा कंडेन्सरवर नेहमीपेक्षा अर्धा ते एक ग्रेड वर जा.

फोकस हा सगळ्यात किचकट भाग. फोकसरमध्ये (दाणा मोठा करून दाखवणाऱ्या भिंगात) चांदीचे टोकदार दाणे दिसत नाहीत, दिसतात ते मऊ, धूसर ठिपके. या फिल्मचा दाणा पातळ भागात, म्हणजे सावल्यांत, जास्त दिसतो. फोकसर तिथे ठेवा किंवा एखादी ठळक कड पकडा. त्याआधी दिवा मिनिटभर चालू ठेवा, नाहीतर तापून निगेटिव्ह फुगते आणि फोकस सरकतो. लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोकस करा, मग एफ-८वर आणा आणि ५-५ सेकंदांनी वेळ वाढवत टेस्ट स्ट्रिप (चाचणीची पट्टी) काढा.

आरसी (प्लॅस्टिकचा थर असलेल्या) कागदाला मल्टिग्रेड डेव्हलपर १+९, २० अंशांवर १ मिनिट. स्टॉप बाथ १० सेकंद. रॅपिड फिक्सर १+४, ३० सेकंद. वाहत्या पाण्यात २ मिनिटं. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी भर दुपारी हाताला चटका देतं. त्यात डेव्हलपर मिसळू नका. पहाटे भरून ठेवलेलं पाणी वापरा आणि डेव्हलपरचा ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, प्रमाण बिघडतं.

निगेटिव्ह काळपट, गढूळ आणि दाणेदार असेल तर लॅबचं ब्लीच कमजोर असून चांदी मागे राहिलेली असू शकते. पुन्हा ब्लीच आणि फिक्स करून घ्या, निगेटिव्ह वाचते. सावल्या रिकाम्या असतील तर मात्र एक्स्पोजर कमी पडलंय आणि कुठलाही फिल्टर ते भरून देत नाही. कोल्हापुरातल्या गंगावेस तालमीतल्या मंद उजेडात फिल्मचा वेग (आयएसओ) ४०० ऐवजी २०० धरून फोटो काढा: दाणा बारीक होतो आणि उजळ भाग सहसा हातचे जात नाहीत.

राहिला पावसाळा. चांदी नसल्यामुळे या निगेटिव्हला बुरशी लवकर धरते; सी-४१च्या फायनल रिन्समध्ये बुरशीनाशक असतं ते त्यासाठीच. धूळ काढायला साध्या पाण्यात पुन्हा धुतली, तर तोच रिन्स पुन्हा द्यावा लागतो. पाऊस सुरू व्हायच्या आत निगेटिव्ह पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये घाला आणि सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा.