व्यसनमुक्ती समुपदेशकांनो, कागद दुसऱ्या राज्यात किंवा देशात नेताना या चुका टाळा

'माझं सर्टिफिकेट तिकडे ट्रान्सफर करून हवंय' असं कोणी म्हटलं की मी आधी फाइल मागतो. फाइल म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेल्या झेरॉक्स. मूळ प्रती कुठे? म्हापशाच्या एजंटाकडे. मूळ प्रती कोणाकडेही ठेवायच्या नाहीत, यावर मी चर्चासुद्धा करत नाही.

आपल्या हातात नेमकं काय आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. डॉक्टरला गोवा मेडिकल कौन्सिल असते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची देशभर चालणारी नोंदणी. व्यसनमुक्ती समुपदेशकाच्या नावावर असा राज्यवार परवाना आजवर नव्हता. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी होते ती व्यसनमुक्ती केंद्राची. त्यामुळे पुण्याहून गोव्यात पर्वरीला कामाला आलेल्याने ट्रान्सफर करण्यासारखं काही नसतंच. नवं केंद्र पदवी आणि अनुभव बघतं, बस. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने मात्र या वर्गाची नोंदवही ठेवायची सोय केली आहे, तिकडे लक्ष असू द्या. राष्ट्रीय समाज रक्षा संस्थानचा कोर्स हे प्रशिक्षण आहे, परवाना नव्हे. कोलंबो प्लॅन या आंतरराष्ट्रीय संघटनेची आयकॅप ही व्यसन-उपचार करणाऱ्यांची परीक्षा पास झालात तर उत्तम, अभ्यास चांगला होतो. पण तेवढ्यावर परदेशात कोणी प्रॅक्टिस करू देत नाही.

आता तासांकडे येतो, कारण माझा सगळा राग तिथेच आहे.

अमेरिकेत बहुतेक राज्यांची प्रमाणपत्र देणारी मंडळं आयसीआरसी (IC&RC) नावाच्या संघाचे किमान निकष पाळतात. समुपदेशकाच्या मूळ पातळीला ६००० तासांचं देखरेखीखालचं काम (पदवी असली तर त्यातले काही सुटतात), ३०० तासांचं शिक्षण, आणि वरिष्ठाने प्रत्यक्ष दिलेली ३०० तासांची सुपरव्हिजन. आकडे बघून पोरं घाबरत नाहीत, कारण काम केलेलंच असतं. पण लिहून ठेवलेलं नसतं. मग जायच्या आधी चार रात्री बसून तीन वर्षांच्या नोंदी 'तयार' होतात.

डिचोलीकडचा एक मुलगा. कामाला वाघ, गटसत्र घ्यायला बसला की पेशंट हलत नसत. अमेरिकेत बहिणीकडे जायचं ठरलं आणि त्याने तासांचा तक्ता बनवला. सगळ्या पानांवर एकच निळी शाई, एकच तिरकी सही, आणि दर बुधवारी न चुकता दोन तास सुपरव्हिजन. त्यातला एक बुधवार नेमका चतुर्थीचा! त्या दिवशी गोव्यात चहाची टपरी उघडी मिळत नाही आणि हे दोघे म्हणे केस डिस्कस करत बसले होते. तिकडच्या मंडळाला चतुर्थी काय कळणार? नाहीच कळली. पण त्यांनी सुपरव्हायझरला ईमेल केला, तारखांसकट. तो सरळ माणूस. त्याने कळवून टाकलं की त्या दिवशी मी गावच्या घरी होतो, आणि ही सही माझी असली तरी मी ती एकदमच सगळ्या पानांवर केली आहे. अर्ज परत आला. त्या एका बुधवारापायी खरे केलेले तासही संशयात गेले. वर त्या पोराचं मलाच विचारणं, 'दादा, जास्त प्रामाणिकपणा कशाला दाखवला त्यांनी?' यावर मी काय बोलणार!

माझी सवय सांगतो. पुठ्ठ्याच्या बांधणीची वही, सुट्टे कागद नाहीत. तारीख, किती ते किती, कशावर बोललो ते एका ओळीत, आणि सही त्याच दिवशी. वहीच्या पहिल्या पानावर सुपरव्हायझरची पदवी, नोंदणी क्रमांक आणि त्याचा स्वतःचा ईमेल. केंद्राचा ईमेल पुरत नाही. केंद्रं बंद पडतात, ट्रस्टी भांडतात, मग मंडळाचं पत्र घ्यायला तिथे कोणी नसतं. दुबईच्या आरोग्य खात्याचा परवाना हवा असेल तर डेटाफ्लो ही कागद पडताळणारी कंपनी हेच करते: तुमच्या प्रतीवर न विसंबता थेट कागद देणाऱ्याला विचारते.

दुसरी हमखास चूक, 'आधी जाऊ, मग बघू'. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात प्रमाणपत्र नेता येतं, पण ते जिवंत असेपर्यंतच. अर्ज जुन्या मंडळामार्फत सुरू होतो, आणि नव्या राज्यात निम्म्याहून जास्त वेळ तुमचं राहणं किंवा काम असावं लागतं. आईचं आजारपण म्हणून अमेरिकेहून फोंड्याला आलेल्या एका ताईंनी इथे असताना नूतनीकरण सोडून दिलं, 'आता इकडेच आहे, फी कशाला भरू' म्हणून. परत गेल्यावर नवरा दुसऱ्या राज्यात बदलून गेलेला, आणि यांच्या हातात न्यायला काहीच उरलं नव्हतं. वाचवलेल्या फीच्या कितीतरी पट पुढे गेली. जुनं बंद करायचं ते नवं हातात आल्यावर.

बाकीच्या चुका पटापट.

स्वतः व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी दाखल होतो ते महिने अनुभवात धरू नका. दरवर्षी कोणीतरी धरतोच.

जुनी पोलिस केस असेल तर लपवू नका.

भारत २००५ पासून अपोस्टिलच्या (कागद परदेशात चालावा म्हणून एकच सरकारी शिक्का) करारात आहे, संयुक्त अरब अमिराती नाही. तिथे दूतावासाचा शिक्का लागतो. भावाने कॅनडाला अपोस्टिल वापरलं म्हणून तुम्हाला दुबईत चालणार नाही.

आडनाव. आजोबांच्या पोर्तुगीज नोंदीत कामोतीं, जन्मदाखल्यावर काम्मत, पदवीवर कामत. हे आधी एक करून घ्या. त्यासाठी गोव्याचा १९९०चा नाव-आडनाव बदलाचा कायदा आहे आणि त्याला वेळ लागतो. व्हिसा आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

आणि तास सिद्ध करायला केसपेपरच्या झेरॉक्स आणू नका. पेशंटची गोपनीयता हा २०१७च्या कायद्यातला हक्क आहे. 'नाव खोडलंय' हे मला सांगू नका. वाडा, वय आणि बापाचा धंदा शिल्लक राहिला की गोव्यात माणूस ओळखायला नाव लागत नाही. वहीत केस क्रमांक तेवढा लिहा, फाइल केंद्राच्या कपाटातच राहू द्या.