सरोवरांवरील पाणपक्ष्यांच्या वसाहती: घरटी कशी मोजावीत

बगळे, पाणकावळे, कुरव (गल), सुरय (टर्न) आणि झोळीवाले (पेलिकन) अशा पक्ष्यांची वीण वसाहतीत होते, त्यामुळे त्यांची गणती सोपी वाटते. प्रत्यक्षात गजबजलेल्या वसाहतीतले पक्षी मोजून जोड्या किती, हे कळत नाही. जोडीतला एक पक्षी अंडी उबवत असताना दुसरा बहुधा चरायला गेलेला असतो, आणि ज्यांची वीण अजून सुरू झालेली नाही असे तरुण पक्षीही तिथेच वावरत असतात. म्हणून एकक घरट्याचे ठेवावे. ज्यात अंडी किंवा पिल्ले आहेत, ज्यावर पक्षी उबवणीला बसला आहे, किंवा जे पूर्ण बांधलेले असून जोडी ज्याची राखण करते आहे, ते वापरातले घरटे म्हणजे एक जोडी. जुने रिकामे सांगाडे वेगळे नोंदवावेत.

मोजणीची वेळ चुकली तर पुढची सारी मेहनत वाया जाते. बहुतेक जोड्यांची अंडी घालून झालेली आहेत, पण पिल्ले अजून बाहेर पडलेली नाहीत, असा काळ निवडावा. कुरवांची पिल्ले जन्मानंतर काही दिवसांतच घरट्यापासून दूर जाऊ लागतात आणि मग भरलेले घरटे रिकामे दिसते. राखी बगळ्याची अंडी सुमारे २५ दिवसांत उबतात, मात्र साऱ्या जोड्या एकाच वेळी वीण सुरू करत नाहीत, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मोजणी करणे चांगले. पानगळीच्या झाडांवरील घरटी पालवी फुटण्यापूर्वीच मोजावीत.

झाडांवरची वसाहत शक्यतो बाहेरूनच मोजावी. ट्रायपॉडवरची दुर्बीण ठरलेल्या जागी लावावी, झाडांना क्रमांक द्यावेत, त्याच जागेवरून दरवर्षी छायाचित्रे घ्यावीत आणि छायाचित्रावर प्रत्येक घरट्यावर खूण करत जावे.

बेटावरच्या, जमिनीवरील वसाहतीत पाऊल टाकण्यापूर्वी मात्र दहा वेळा विचार करावा. माणूस आत शिरला की सगळे पक्षी एकदम उठतात. उघडी अंडी उन्हात तापतात किंवा पावसात गारठतात आणि संधी साधून मोठे कुरव ती पळवतात. झोळीवाले तर वारंवार त्रास झाल्यास वसाहतच सोडून देतात, म्हणून त्यांच्या घरट्यांत शिरूच नये. इतरत्र आवश्यक परवानगी घेऊन, भर दुपार, पाऊस व जोराचा वारा टाळून, ओळीने चालत काही मिनिटांत काम उरकावे आणि धावाधाव करणारी पिल्ले दिसताच मागे फिरावे.

अशा मोजणीत काही घरटी हमखास सुटतात, आणि किती सुटली याचा अंदाज दोघांनी मोजल्यास येतो. समजा, पहिल्याने १८० घरट्यांशेजारी रंगीत काडी ठेवली. मागोमाग स्वतंत्रपणे मोजणाऱ्या दुसऱ्याला १५० घरटी सापडली, त्यांपैकी १३५ जवळ काडी होती. म्हणजे दुसऱ्याच्या घरट्यांपैकी ९० टक्के पहिल्यालाही सापडली होती, म्हणून पहिल्याची १८० घरटी एकूण घरट्यांच्या सुमारे ९० टक्के धरावीत: १८० गुणिले १५० भागिले १३५, म्हणजे एकूण घरटी सुमारे २००. त्याच दिवशी सगळ्या काड्या उचलून घ्याव्यात.

ड्रोनची परवानगी असेल तर तो वसाहतीपासून दूरच्या जागेवरून हवेत सोडावा, उंचीवरूनच आडवा न्यावा, पक्ष्यांवर सरळ खाली उतरवू नये, आणि पक्षी उठू लागताच परत बोलवावा.

एका बेटावरची घरटी निम्म्यावर आली, एवढ्यावरून पक्षी घटले असे मी तरी कधीच म्हणणार नाही. पाण्याची पातळी वाढून बेट बुडते, पाणकावळ्यांच्या विष्ठेने झाडे वाळतात, एखादा शिकारी प्राणी पोहोचतो, आणि जोड्या शेजारच्या सरोवरावर जातात. त्यामुळे परिसरातल्या सर्व ज्ञात वसाहती एकाच हंगामात, एकाच पद्धतीने मोजल्या पाहिजेत. उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्सवर अमेरिका आणि कॅनडा साधारण दर दशकाला अशी व्यापक गणती करत आले आहेत. ब्रिटनमध्ये १९२८ पासून राखी बगळ्यांची घरटी मोजली जातात, म्हणूनच १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यानंतरची घट आणि पुढची भरपाई दोन्ही आकड्यांत दिसली.

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, पद्धत, मोजणाऱ्यांची संख्या आणि पाण्याची पातळी लिहावी. ज्या जुन्या वसाहतीत यंदा एकही घरटे नाही तिथे रकाना कोरा न ठेवता शून्य लिहावे, कारण कोऱ्या रकान्यावरून कोणी गेलेच नव्हते की पक्षीच नव्हते, हे पुढच्या अभ्यासकाला कळणार नाही.