पडलेल्या विमानाचा डायोरामा करताय? या चुका टाळा

डायोरामा म्हणजे छोट्या मॉडेलने उभा केलेला प्रसंग. पण दर वेळी तेच बघतोय. विमानाचं नवं प्लॅस्टिक किट आणलं, दोन तासात जोडलं, मग मेणबत्तीवर धरून पंख वाकवले, वर काळा रंग फासला की झाला डायोरामा. अरे पण ते विमान पडलं कसं? पोटावर घसरत उतरलं की नाकावर आपटलं? चाकं बाहेर होती की आत? हे ठरत नाही तोवर करवतीला हात लावू नका.

सगळ्यात जास्त डोक्यात जाते ती प्रोपेलरची चूक, आणि ती मीपण केलीय. १/४८ चं (खऱ्याच्या ४८ पट लहान) मेसरश्मिट १०९ होतं, दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन लढाऊ विमान, पोटावर उतरलेलं, इंजिन हवेतच जाम होऊन प्रोपेलर थांबलेला अशी माझी स्टोरी. तिन्ही पाती गरम पाण्यात धरून अगदी एकसारखी मागे वळवली आणि स्वतःवरच खूश झालो. मांडून ठेवलं तर एक आजोबा आले, चष्मा सारखा करून बराच वेळ वाकून बघत बसले आणि म्हणाले, "इंजिन जाम होतं ना? मग वरचं पातं जमिनीला कधी लागलं?" काय बोलणार, कप्पाळ! धातूचा प्रोपेलर फिरताना जमिनीला लागला तर सगळी पाती वाकतात, थांबलेला असेल तर खालचं एखादं नाहीतर दोन, बाकीची सरळ. आणि लाकडी पाती वाकत नाहीत, तुटतात, चिरफळ्या होतात. बऱ्याच स्पिटफायरना (त्याच काळातली ब्रिटिश लढाऊ विमानं) लाकडी पाती होती, तीसुद्धा लोक केळफुलासारखी वळवून ठेवतात.

दुसरी चूक जाडीची. खऱ्या विमानाचा पत्रा साधारण मिलिमीटरभर. किटचं प्लॅस्टिकही तेवढंच जाड, पण १/७२ मध्ये त्याचा हिशोब होतो ७२ मिलिमीटर! सात सेंटिमीटर जाड पत्रा म्हणजे विमान नाही, रणगाडा झाला. पक्कडीने तोडलेली ती जाड कड दिसली की बाकीचं रंगकाम कितीही भारी असू दे, खेळणंच वाटतं. मी फाटणारा भाग आतून घासत जातो, बल्बसमोर धरल्यावर उजेड आरपार दिसेपर्यंत. वेळ लागतो, बोटं दुखतात, नवशिक्यांना तेवढा धीर नसतो हे माहितीय. नाहीतर तो तुकडा कापूनच टाका, आत प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा सांगाडा करा आणि वर टी-लाइट मेणबत्तीच्या वाटीचा पत्रा टूथपिकने दाबून बसवा, तो खऱ्यासारखा चुरगळतो आणि फाटतो. मेणबत्ती वापरायचीच हौस असेल तर तिची वाटी वापरा, ज्योत नको.

बाकी पटापट सांगतो. ॲल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही, ते मळकट पांढुरकं होतं, गंज फक्त स्टीलच्या भागांना द्या. कॅनोपीला, म्हणजे पायलटच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाला, सुपरग्लू लावू नका, वाफेने काच पांढरी होते, पांढरा फेविकॉल पुरे. पंख फाडलाय तर आतला प्रायमरचा (अस्तराचा) रंगही दिसायला हवा, नुसता काळा नाही.

आणि जमीन! घसरत आलेलं विमान मागे चर पाडतं, पुढे मातीचा ढीग लोटतं, हिरव्यागार लॉनवर अलगद ठेवल्यासारखं बसत नाही. मी विमानाला खालून प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळतो, ओल्या क्लेमध्ये दाबून मागून पुढे ओढतो, उचलून घेतो आणि बेस दोन दिवस वाळू देतो. हो, दोन दिवस. हेअर ड्रायर मारला की भेगा पडतात.