डांबरी रस्त्यात प्लॅस्टिक घालताय? या चुका टाळा

पहिली चूक क्रमाची, आणि ती पाहून पाहून मी कंटाळलोय. प्लॅस्टिक डांबरात घालायचं नसतं, गरम खडीवर घालायचं असतं. मदुराईच्या त्यागराजर इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांची कोरडी पद्धत ती हीच. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खडी १६५ अंशांच्या आसपास तापवायची, प्लॅस्टिकचा चुरा टाकायचा, अर्ध्या-एक मिनिटात खडीच्या अंगावर तेलकट झाक येते. मग डांबर.

एका जिल्हा रस्त्याच्या कामावर भर दुपारी फीडर, म्हणजे खडीवर चुरा सोडणारं यंत्र, तुंबला. गोणी रात्रभर उघड्यावर भिजलेली, चुऱ्याचा नुसता लगदा. रस्त्यावर माल पसरणारा पेव्हर थांबलेला, डंपरची रांग. ऑपरेटरने डांबर पडल्यावर वरून घमेल्याने चुरा ओतला. कार्पेटमध्ये, म्हणजे रस्त्याच्या वरच्या थरात, पांढरे तुकडे दिसत होते. मी बोललो, तर साइटवरचा नवा इंजिनिअर म्हणाला, "रोलरखाली जातील, सर." गेले नाहीत. पहिल्या पावसातच तेवढ्या पट्ट्यातली खडी सुटून कडेला आली.

तेव्हापासून रोज सकाळी पहिली बॅच मी डांबराशिवाय काढायला लावतो आणि पत्र्यावर पसरून खडीवर झाक आलीय का बघतो. दहा मिनिटं जातात, मुकादम कुरकुरतो. कुरकुरू दे.

दुसरं, पीव्हीसी. वाढदिवसाचे फ्लेक्स फुकट मिळतात म्हणून लोक तेही दळायला टाकतात. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. तापला की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो आणि प्लांटवरच्या माणसांचे डोळे-घसा जळतात. शंका आली तर तांब्याची तार लाल तापवून प्लॅस्टिकला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की माल परत. दुधाच्या आणि किराण्याच्या पिशव्या चालतात, धुऊन वाळवलेल्या.

प्रमाण ६ ते ८ टक्के, पण डांबराच्या वजनाचं, अख्ख्या मालाचं नव्हे. टनाला ५० किलो डांबर असेल तर ८ टक्क्यांनी चुरा फक्त ४ किलो, आणि डांबर तेवढंच कमी. "थोडं जास्त घालू, पक्कं होईल" म्हणणाऱ्याला वजनकाट्याजवळ फिरकू देऊ नका.

चुरा दोन-तीन मिलिमीटरचा हवा. हाताने फाडलेल्या पिशव्या नकोत.

डंपरवर ताडपत्री टाका.

आणि रस्त्याकडेचं गटार तुंबलेलं असेल तर प्लॅस्टिकचा विचार नंतर, आधी जेसीबी बोलवा.